सच्या, तुझा फ्लेक्स लागलाय

महाळुंग्याच्या कमानीपाशी लागलाय. तू त्यात मध्यभागी नाहीस, उजव्या कोपऱ्यात आहेस. मध्यभागी इथले पुढारी, भाऊ आहेत, हात जोडलेले, नजर किंचित खाली. दरवर्षी दिवाळीच्या शुभेच्छांना वापरतात तोच फोटो, फक्त मागचा लाल-पिवळा रंग काढून काळा केलाय. तुझ्या नावाखाली लिहिलंय, ‘भाऊंचा कट्टर समर्थक, सुप्रसिद्ध रॅपर’. आधी समर्थक, मग रॅपर. कंपनीच्या बसमधून मी जाता-येता त्या फ्लेक्सखालून जाते आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तू गेल्यावर बऱ्याच जणांनी मला सांगितलं, रेश्मा, त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिही. चांगले शब्द लिहायला भाऊंची माणसं बसलीत. मी भांडायला बसलेय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू ते तसंच टाकून निघून गेलास. हे तुझं नेहमीचंच होतं. गाण्याचं शेवटचं कडवं कधी तू वेळेवर लिहिलंस? मी तुझ्या डोक्यावर बसायचे तेव्हा कुठे पूर्ण व्हायचं. आता मी कुणाच्या डोक्यावर बसू?

आयटीआयमध्ये तू भेटलास तेव्हा मी इलेक्ट्रिशियनच्या वर्गात एकटी मुलगी होते. पोरं मला ‘करंट’ म्हणून चिडवायची. तू शेजारच्या वर्कशॉपमधून आलास, लातूरकडचा, वाळका, दुसऱ्याचा बेल्ट घातल्यासारखा दिसणारा. तूही मला करंटच म्हणालास, पण त्यावर जागच्या जागी आठ ओळी रचून म्हणालास, आणि त्या आठ ओळींत चिडवणाऱ्या सगळ्यांचीच धुलाई केलीस. दुसऱ्या दिवशी मी तुला सोळा ओळींत उत्तर दिलं. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यावर आपला ग्रुप झाला.

‘जॉबवर्क’ हे नाव तुझंच. माल छोट्या शेडमध्ये कुणीतरी घाम गाळून बनवतो आणि त्यावर मोठ्या कंपनीचं नाव लागतं, त्याला इथे जॉबवर्क म्हणतात. तू स्वतःला एमसी पत्रा म्हणवून घ्यायला लागलास, कारण दिवसभर प्रेस शॉपमध्ये पत्रा कापायचा आणि घरी येऊन पत्र्याखाली झोपायचं. आपला पहिला ताल त्या प्रेस मशीनचाच होता. धाड, मग हवा सुटल्याचा फुस्स, मग धाड-धाड. तू फोन खिशात चालू ठेवून तो रेकॉर्ड केलास आणि सुपरवायझरला सापडलास. त्याला वाटलं तू कंपनीचं गुपित चोरतोयस. ‘सर, गाणं करायलोय,’ म्हणालास म्हणे. त्याने तुला दिवसभर भंगार उचलायला लावलं. संध्याकाळी तू तो आवाज घेऊन चिखलीला आमच्या घरी आलास. माझ्या आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे गाणंय, का मिक्सर बिघडलाय?”

त्याच मिक्सरवर आपण या पट्ट्यात नाव काढलं, सच्या. भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंत मंडळांच्या स्टेजवर, कंपन्यांच्या कामगार मेळाव्यांत, एकदा तर शोरूमच्या उद्घाटनाला. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तू ओरडायचास, “कोण कुठलं?” समोरची पोरं आपापले जिल्हे ओरडायची. लातूर, बीड, परभणी, नांदेड, यवतमाळ. कुणीतरी हमखास तालुका सांगायचा आणि तू त्याला म्हणायचास, “भावा, पिन कोड पण सांग.” सगळ्यांचं ओरडून झालं की तू विचारायचास, “आता कुठलं?” आणि सगळे मिळून म्हणायचे, “इथलं!” माझ्या अंगावर काटा यायचा. आमचं मूळ परभणीचं, पण ती मी फक्त लग्नाकार्यांना पाहिलेली, तरी त्या एका शब्दाला माझाही घसा बसायचा.

तो शब्द गावकीच्या पोरांना झोंबायचा. ‘गावकी’ म्हणजे ओंकारचा ग्रुप. ओंकार मूळचा महाळुंग्याचा, जमीन कंपन्यांना गेलेली, दारात काळी गाडी, गळ्यात चेन. आणि नशीब बघ, तू राहायचास त्या खोल्या त्याच्याच वडिलांच्या, तात्यांच्या. वैरी खालच्या मजल्यावर आणि तू वरती त्याच्या पत्र्याखाली. ओंकारने तुझ्यावर गाणं केलं तेव्हा त्याला फार लांब जावं लागलं नाही.

‘भाड्याची खोली, भाड्याचा नळ,
भाड्याच्या आवाजात कुठलं बळ?’

ते ऐकून तू हसलास. मला वाटलं सोडून दिलंस. मग रविवारी माझ्या घरी येऊन, आईच्या पोळ्या खाताखाता, तोंडात घास असताना म्हणालास:

‘तुझ्या सातबाऱ्यावर आता कंपनीचं नाव,
गेटवर पास दाखव भावा, हेच का तुझं गाव?’

ते गाणं आलं आणि तुझ्या खोलीचं पाणी गेलं. मोटार बिघडली असं सांगण्यात आलं. सगळ्या मजल्याने तुला शिव्या घातल्या. मग तात्या स्वतः वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, “गाणं ऐकलं तुझं. सातबाऱ्याचं खरं हाय. पर मोटारीचं बटन आमच्याकडं हाय, तेवढं ध्यानात ठेव.” आणि खाली जाऊन मोटार चालू केली. तू ही गोष्ट रंगवून सांगायचास, तात्यांचा आवाज काढून. मला त्यात कधी हसू आलं नाही. तुझं पाणी दुसऱ्याच्या बटनावर चालतं यात हसण्यासारखं काय होतं?

ओंकारशी आपली दुष्मनी खरी होती आणि तिच्यात मजाही होती. पण आपण त्यांना हसायचो ते वेगळ्याच कारणाने. ते वाढदिवसाची गाणी करायचे. दादांचा वाढदिवस, अण्णांचा वाढदिवस, डीजेवर नावासकट रॅप आणि शेवटी फ्लेक्सवर असतात तशी शुभेच्छुकांची नावं, मानपानाच्या क्रमाने. एक नाव पुढे-मागे झालं की मारामारी. आपण त्यांना फ्लेक्सवाले म्हणायचो. आपल्याकडेही माणसं यायची, बोलवायची, चहा पाजायची. आपला एकच नियम होता आणि तोही तूच केलेला. जिवंत माणसाची आरती म्हणायची नाही.

म्हणून तुझं नाव मला फ्लेक्सवर वाचायला लागलं तेव्हा मला खरंच वाटलं की दुसराच कुणीतरी पत्रा आहे. ‘भाऊंच्या वाढदिवसानिमित्त विशेष आकर्षण, एमसी पत्रा’. मी बसमधूनच फोन लावला.

“रेशमे, मी सांगणारच होतो,” तू म्हणालास.

“कधी? केक कापून झाल्यावर?”

“ऐक की. भाऊ पर्मनंट करून द्यायलेत. मोठ्या कंपनीत. मी किती दिवस कंत्राटावर राहू? आईला सांगून बसलोय.”

“मग जॉबवर्क संपलं.”

“कामून संपलं? तेच तर करायलोय. नाव त्यांचं, घाम माझा.”

मी फोन ठेवला. तू ते हसत म्हणालास म्हणून ठेवला. रडत म्हणाला असतास तर कदाचित ऐकलं असतं. तुझी गरज मला कळत नव्हती असं नको समजूस. माझ्या बापाचं आयुष्य कंत्राटावर गेलंय. दर काही महिन्यांनी नवा गेटपास आणि नवा ठेकेदार, हे मी लहानपणापासून बघतेय. पण मग नियम कशाला केला होतास? मला कशाला शिकवलंस? मी नाही म्हटलेल्या माणसांची तोंडं तू बघितली होतीस, आणि तेव्हा माझ्या बाजूला उभा राहून तू छाती काढली होतीस.

त्यानंतर तू एकदाच दिसलास. चाकणच्या चौकात नेहमीसारखं सगळं तुंबलं होतं. माझी बस आणि तुझी गाडी शेजारी शेजारी अडकली. हेल्मेट तुझ्या कोपरात, जिथे ते कायम असायचं. तू वर बघितलंस, मी पुढे बघितलं. मग तू बसच्या पत्र्यावर हाताने वाजवायला लागलास. धाड, फुस्स तोंडाने, धाड-धाड. बसमधल्या बायका हसायला लागल्या. मागच्या सीटवरची मला म्हणाली, “अगं, तुझ्यासाठी वाजवतोय वाटतं.” मी हललेही नाही. लोकांना सांगताना मी सांगते की एसी बसच्या खिडक्या उघडत नाहीत. हे खरं आहे. आणि मी माफी मागणार नाही, सच्या. मला वाटलं होतं तू आणखी आठवडाभर तळमळशील, मग घरी येशील, आई तुला जेवायला वाढेल आणि मग मी तुला फाडून खाईन. माझं सगळं ठरलेलं होतं.

तू गेलास तो दिवसाउजेडी गेलास, शिफ्टला जाताना, त्याच रस्त्यावर. गर्दीत कडेला थांबला होतास आणि कंटेनरवाल्याने वळताना तुला बघितलं नाही. तरी दशक्रियेला प्रवचनकार म्हणाले, आजकालची तरुण पोरं वाहनं फार जोरात चालवतात. जोरात? त्या रस्त्यावर? तिथे ज्या वेगाने गाड्या जातात त्या वेगाने माझी आई भाजी निवडते. मला उभं राहून विचारावंसं वाटलं, महाराज, तुम्ही इथे आलात कसे, हेलिकॉप्टरने? पण मी बायकांत बसले होते आणि बायका उभ्या राहत नाहीत.

त्याच्या आधी ओंकार भेटला, ते सांगते. आपला माइक आणि वायरी तुझ्या खोलीत होत्या, त्या आणायला मी गेले होते. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, तिने नुसती मान हलवली. सामान घेऊन खाली उतरले तर जिन्यात ओंकार. मला बघून बाजूला झाला, मग म्हणाला, “तो वाढदिवसाला काय करून बसला, तुला सांगितलं का न्हाई?”

“आमचं बोलणं बंद होतं.”

“आमी बी व्हतो तिथं,” ओंकार म्हणाला. “क्रेनला हार लटकवलेला, भाऊच्या हातात तलवार, समोर केक. गाणं मस्त चाललेलं. शेवटी शुभेच्छुकांची नावं यायची असत्यात ना, तिथं ह्यानं माइकवर ‘कोण कुठलं?’ केलं.”

हातातल्या वायरी मी पायरीवर ठेवल्या.

“समोर सगळी कंपन्यांतली पोरं,” तो म्हणाला. “लातूर, बीड, नांदेड, सगळी बोंबलायला लागली. भाऊचं नाव कुणाला ऐकू येईना. भाऊ तलवार घेऊन उभा, आन् पब्लिक ‘इथलं, इथलं’ करतंय. दुसऱ्या दिवशी भाऊच्या पोरांनी निरोप धाडला, जागा भरली म्हणून.”

“मुद्दाम केलं त्याने? की सवयीने तोंडातून गेलं?”

“त्येच तर. मी इचारलं त्याला. नुसता हसला.”

सच्या, ओंकारने तुला विचारलं. ज्याने तुझं पाणी तोडलं त्याला तू हसून दाखवलंस आणि मला बसच्या पत्र्यावर ताल वाजवून दाखवलास. तोंड नव्हतं तुला? एक वाक्य बोलायचं होतं. ‘रेशमे, नोकरी गेली.’ एवढंच. मी तुला शिव्या घातल्या असत्या, पण दार उघडलं असतं. तुला कंटेनरने मारलं, भाऊंनी नाही, एवढं मला कळतं. पण तू त्या सकाळी जुन्याच शेडमध्ये जुन्याच कंत्राटावर पत्रा कापायला निघाला होतास, आणि ज्यांनी दिलेला शब्द फिरवला त्यांनीच आता फ्लेक्सवर तुझ्यासाठी हात जोडलेत. हे मी कुठल्या तोंडाने गिळू?

दशक्रिया इथल्याच घाटावर झाली. तुमच्या पाहुण्यांचं म्हणणं होतं गावाकडे न्या, पण तुझ्या आईला एवढा प्रवास झेपणार नव्हता आणि तात्या म्हणाले, आमच्या घाटावर करा. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, पोराने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. मी मनात म्हटलं, रेकॉर्डिंगला विचारा. मग इथल्या रिवाजाप्रमाणे माइक फिरायला लागला. ‘यानंतर श्रद्धांजली अर्पण करतील...’ असं म्हणत निवेदक एकेकाला उठवत होता. सोसायटीचे संचालक, माजी सरपंच, कुठल्याशा आघाडीचे अध्यक्ष. कुणी तुला सचिन म्हणालं, कुणी संदीप. भाऊ म्हणाले की तू त्यांना धाकट्या भावासारखा होतास आणि त्यांच्या वाढदिवसाला तू गायलेलं गाणं ते कधी विसरणार नाहीत. ते नक्कीच खरं असेल.

माझ्या शेजारच्या बाईने हळूच विचारलं, “तुझं नि त्याचं काय होतं गं?”

“ग्रुप होता,” मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. तुझ्याबरोबर मी जी सगळी वर्षं घालवली त्यांच्यासाठी इथल्या लोकांना एकच नाव माहीत आहे, आणि ते आपलं नव्हतं.

मग ओंकारचं नाव पुकारलं. तो उठला आणि त्याने माइक घेतला. मग म्हणाला, “मी काय बोलणार. आमचं दोघांचं जे बोलायचं ते गाण्यात बोलून झालंय, आन् त्यो जिंकलेला हाय. ज्यानं बोलायचं ती तिकडं बसलीय.” आणि पुरुषांच्या ओळींतून चालत येऊन त्याने माइक माझ्या हातात दिला. निवेदक तोंड उघडं टाकून बघत राहिला.

मी उभी राहिले. तुझ्याविषयी काय बोलायचं ते मला सुचलंच नाही. समोरच्या ओळीत भाऊ पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. त्यांच्या मागे तात्या. आणि पार मागे, चपला काढायच्या जागेपलीकडे, उभी असलेली तुमच्या-आमच्या कंपन्यांतली पोरं, कुणी गणवेशावर, कुणी गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबून. तेवढ्यांनाच बघत मी विचारलं.

“कोण कुठलं?”

भाऊंनी मान झटकन वर केली. त्यांना लगेच ओळखू आलं. मागून एकजण हळू आवाजात म्हणाला, लातूर. मग बीड. मग सगळेच, नांदेड, परभणी, यवतमाळ, स्टेजसमोर ओरडतात तसं नाही, देवळात नाव सांगतात तसं. कुणीतरी तालुकाही सांगितला. त्याला पिन कोड विचारायला तू नव्हतास. भाऊ हात जोडून बसलेले होते आणि त्या जोडलेल्या हातांनी त्यांना काहीच करता येत नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

“आता कुठलं?” मी विचारलं.

या वेळी मागून काहीच आलं नाही. पोरं खाली बघत होती. घाट गावचा, माणसं गावची, तिथे तो शब्द म्हणायची हिंमत कुणाची होईना. मी पुन्हा विचारलं. मग तात्या बसल्या जागेवरून, माइक नसताना, म्हणाले, “हितलं. हितलंच पोरगं हाय त्ये.”

बायका रडायला लागल्या. तुझी आई पहिल्यांदाच हंबरडा फोडून रडली. मला रडू आलं नाही. मला राग आला, सच्या. ज्या एका शब्दासाठी तू घसा फोडून घेतलास तो त्यांच्याकडे होताच, मोटारीच्या बटनासारखा. तू जिवंत असताना एकदा दाबला असता तर त्यांचं काय बिघडलं असतं?

भाऊंचा फ्लेक्स पुढच्या कुणाच्या तरी वाढदिवसाला उतरेल. ‘कट्टर समर्थक’ हे शब्द मी खोडू शकत नाही, तेवढी उंच शिडी माझ्याकडे नाही. पण तू शेवटी ‘कोण कुठलं’ का ओरडलास, हे आता मीच ठरवणार. सवयीने तोंडातून गेलं असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणावं. तू ते मुद्दाम केलंस. नोकरी हातची जाणार हे कळून, तलवार समोर असताना, ठरवून केलंस. मी सगळ्यांना असंच सांगतेय आणि पुढेही असंच सांगत राहणार. तुला पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.